घरी टीपीएन चालू असताना लाइनचं इन्फेक्शन कसं टाळायचं: आमच्या रोजच्या पद्धतीसकट सगळं सविस्तर

रात्री आठ वाजता मी टेबल पुसायला घेतलं की घरात सगळ्यांना कळतं, आता अर्धा तास ह्या खोलीत कोणी यायचं नाही, हाक मारायची नाही, फोन वाजला तरी उचलायचा नाही. माझ्या धाकट्या भावाच्या आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती, त्यात बरंचसं लहान आतडं काढावं लागलं, आणि तेव्हापासून त्याचं पोषण म्हणजे छातीतल्या लाइनमधून, म्हणजे मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीतून, रात्रभर चालणारी टीपीएनची बॅग. टीपीएन म्हणजे टोटल पॅरेंटरल न्यूट्रिशन, पोटाऐवजी थेट रक्तात दिलेलं सगळं पोषण. चार वर्षं झाली. पहिल्याच वर्षी, सातव्या महिन्यात, त्याला लाइनचं इन्फेक्शन झालं. त्याच्या दोन रात्री आधी मी लाइनची टोपी काढलेली असताना फोन वाजला, मी मान वळवली आणि हबचं (लाइनच्या बाहेरच्या टोकाला जिथे सिरिंज जोडतो त्या भागाचं) उघडं तोंड त्याच्या शर्टाला लागलं. जेमतेम सेकंदभर. मी म्हटलं एवढ्याने काय होतंय, आणि तसंच जोडलं. इन्फेक्शन त्यानेच झालं हे कोणी सिद्ध करू शकणार नाही, पण मी तो सेकंद विसरलेले नाही, आणि खाली जे काही लिहिलंय ते सगळं त्या सेकंदाभोवतीच आहे.

एक आधीच सांगते. तुमच्या न्यूट्रिशन टीमने किंवा नर्सने जी पद्धत शिकवली असेल आणि ती इथल्यापेक्षा थोडी वेगळी असेल, तर त्यांचीच पाळा. ग्लोव्ह्ज कोणते, लॉक (बॅग नसताना नळीत भरून ठेवायचं द्रव) कुठला, कॅप (हबवरची टोपी) किती दिवसांनी बदलायची ह्यात फरक असतात. पण दोन पद्धतींची खिचडी करू नका आणि घरात दोघं जण लाइन हाताळत असतील तर दोघांनी अगदी तंतोतंत एकसारखं करा.

जंतू आत शिरतात कुठून

हे एकदा नीट समजलं की नियम पाठ करावे लागत नाहीत, आपोआप लक्षात राहतात. लाइनचं टोक हृदयाच्या अगदी जवळ, मोठ्या शिरेत असतं. म्हणजे बाहेरच्या तोंडाला लागलेला जंतू एका फ्लशमध्ये (सिरिंजने सलाईन ढकलून नळी धुणं) थेट रक्तात जातो, मध्ये कातडी नाही, पोटातलं ॲसिड नाही, काहीच अडवायला नाही.

वाटा मुख्य दोन. एक बाहेरून, म्हणजे लाइन जिथे कातडीतून बाहेर येते तिथून नळीच्या कडेकडेने आत. ही भीती लाइन नवीन असताना जास्त. दुसरी आतून, म्हणजे हबमधून, जिथे आपण रोज सिरिंज आणि सेट (बॅगपासून लाइनपर्यंतची नळी) जोडतो. महिनोन्महिने, वर्षानुवर्षं लाइन ठेवणाऱ्यांमध्ये बहुतेक इन्फेक्शन ह्या दुसऱ्या वाटेने होतं, म्हणजे आपल्याच हातून. ऐकायला वाईट वाटतं, पण मला ह्याचा उलट आधारच वाटला, कारण जे आपल्या हातून होतं ते आपल्या हाताने थांबवताही येतं. बाकी दोन वाटा आहेत, बॅगच दूषित असणं आणि शरीरातल्या दुसऱ्या इन्फेक्शनमधून जंतू रक्तावाटे लाइनवर येऊन बसणं, पण त्या त्यामानाने कमी.

जंतू कोण, तर सगळ्यात जास्त वेळा आपल्या कातडीवर राहणारे साधे स्टॅफिलोकोकस, मग आतड्यातले क्लेबसिएला, ई कोलाय वगैरे, आणि कॅन्डिडा नावाची बुरशी. ते नळीच्या आतल्या भिंतीला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट थर तयार करतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. ह्या थरात अँटिबायोटिक नीट पोचत नाही, म्हणून एकदा थर बसला की नळी साफ करणं फार अवघड होऊन बसतं. त्यात टीपीएनमध्ये साखर आणि फॅट, आणि फॅटच्या इमल्शनमध्ये बरेच जंतू मजेत वाढतात. त्यामुळे थर बसूच न देणं हाच खरा उपाय.

हे कितपत जमतं? इन्फेक्शनचा हिशोब दर १००० लाइन-दिवसांमागे किती अशा भाषेत करतात. चांगल्या ठिकाणी नीट शिकवलेल्या पेशंटमध्ये हा आकडा १ च्या खाली ठेवता येतो. १००० दिवसांना १ म्हणजे एका माणसाला साधारण पावणेतीन वर्षांत एकदा, आणि कित्येक जण त्याहून कितीतरी जास्त काळ एकाही इन्फेक्शनशिवाय काढतात.

लाइन कुठली आहे ते माहीत हवं

लांबच्या मुदतीच्या टीपीएनसाठी शक्यतो टनेल्ड लाइन टाकतात, म्हणजे नळी शिरेतून निघून काही अंतर कातडीखालून जाते आणि मग बाहेर येते. सिएटलच्या ब्रोव्हियाक ह्यांनी १९७३ मध्ये अशी सिलिकॉनची लाइन पुढे आणली, १९७९ मध्ये हिकमन ह्यांनी तिचं जाड रूप आणलं, आणि आजही ह्याच दोन नावांनी ह्या लाइन ओळखतात. तिच्यावर कातडीखाली एक छोटा कापडी पट्टा असतो, कफ म्हणतात, त्यात काही आठवड्यांत आपल्या शरीराचं टिश्यू वाढतं, लाइन घट्ट बसते आणि बाहेरून येणाऱ्या जंतूंना आडोसा होतो. म्हणून पहिले काही आठवडे लाइनला ओढ बसता कामा नये. पिक लाइन, म्हणजे दंडातल्या शिरेतून टाकलेली लांब नळी, कमी मुदतीसाठी ठीक. पोर्ट, म्हणजे कातडीखाली बसवलेली डबी जिच्यात सुई टोचतात, असेल तर सुई साधारण आठवड्याला बदलतात.

टाकायच्या आधी विचारायला मिळालं तर दोन गोष्टी नक्की विचारा. लुमेन, म्हणजे लाइनच्या आतली वाट, एकच ठेवता येईल का, कारण जितकी तोंडं जास्त तितक्या वाटा जास्त. आणि ही लाइन फक्त टीपीएनसाठी राखून ठेवता येईल का. रोजचं रक्त, इतर इंजेक्शनं ह्यासाठी ती वापरायची नाही, अगदीच नाइलाज असेल तेव्हाची गोष्ट वेगळी.

जागा, सामान, हात

आमच्याकडे एकच टेबल ह्या कामाला आहे. त्याचा वरचा भाग गुळगुळीत, पुसता येणारा. लाकडाला भेगा असतील तर चालणार नाही, त्यावर धुता येणारा मोठा ट्रे ठेवा. बाथरूम किंवा ओट्याजवळ कधीच करू नका, ओल आली की जंतू आले. पंखा, एसी बंद, खिडकी बंद, कुत्रं-मांजर बाहेर. आधी टेबल साबणाच्या पाण्याने पुसून कोरडं करायचं, मग अल्कोहोलच्या वाइपने पुसायचं आणि हवेवर सुकू द्यायचं.

मग सगळं सामान एकदम काढायचं, अर्ध्यावर काही आणायला उठायची वेळ येता कामा नये. बॅग, नवीन सेट, फिल्टर वेगळा असेल तर फिल्टर, सलाईन भरलेल्या १० मिलीच्या सिरिंज, अल्कोहोलचे किंवा क्लोरहेक्सिडिन (एक जंतुनाशक)-अल्कोहोलचे स्वॅब मोजून दोन जास्त, नवीन कॅप, स्टराइल शीट, ग्लोव्ह्ज, मास्क, कचऱ्याचा डबा. प्रत्येक पाकिटावरची तारीख बघायची आणि पाकीट ओलं, फाटलेलं, फुगलेलं असेल तर फेकायचं. सिरिंज १० मिलीची किंवा त्याहून मोठीच घ्या, छोट्या सिरिंजमध्ये दाब जास्त येतो आणि नळी फाटू शकते.

आता हात. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढायच्या, नखं कापलेली, नेलपॉलिश नको, बाह्या कोपराच्या वर. साबणाने ४० ते ६० सेकंद. आपण सगळे तळवे घासतो आणि थांबतो, राहतात ते बोटांची टोकं, अंगठा आणि बोटांच्या बेचक्या, आणि लाइनला लागतात ती नेमकी बोटांची टोकं! म्हणून मी टोकांपासूनच सुरुवात करते. कोरडं करायला कागदी टॉवेल, घरातला लटकवलेला टॉवेल नाही, आणि त्याच कागदाने नळ बंद करायचा. त्यानंतर अल्कोहोलचं हँडरब, २० ते ३० सेकंद, पूर्ण सुकेपर्यंत चोळायचं. मास्क हात धुण्याआधीच लावायचा, पेशंटनेही लावायचा किंवा तोंड दुसरीकडे करायचं. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी तर बिनमास्कचं अजिबात नाही.

हात धुतल्यावर फोन, चष्मा, केस, मास्क, पंपाची बटणं, दाराचा कडी-कोयंडा, ह्यातल्या कशालाही हात लागला तर परत हँडरब. ग्लोव्ह्ज घातलेत म्हणून सूट नाही. ग्लोव्ह घातलेला हात चष्म्याला लागला की तो ग्लोव्हही घाण झाला.

बॅग

फ्रीजमधली बॅग २ ते ८ डिग्रीला ठेवायची, फ्रीजरला लागून नाही, आणि लावायच्या दोनेक तास आधी बाहेर काढायची म्हणजे खोलीच्या तापमानाला येते. गरम पाण्यात बुडवायची नाही, मायक्रोवेव्ह तर नाहीच. उजेडात धरून बघा, गळते का, वर पिवळट तेलाचे थेंब किंवा थर दिसतो का, कण आहेत का, रंग वेगळा वाटतो का. ह्यातलं एकही दिसलं तर लावायची नाही, टीमला फोन करायचा.

व्हिटॅमिन घरी घालायची असतील तर तेही लाइन जोडण्याइतक्याच काळजीने, बॅगचं पोर्ट पुसून, लावायच्या अगदी आधी. एकदा लावलेली बॅग २४ तासांच्या आत संपली पाहिजे, उरली तर टाकून द्या, महाग आहे म्हणून दुसऱ्या रात्रीला ठेवू नका. सेटही रोज नवा.

जोडायची पद्धत, सेकंदासेकंदाने

सगळ्या लेखातला मुख्य भाग हाच, म्हणून सावकाश लिहिते.

काही भाग असे आहेत ज्यांना बोट, कपडा, टेबल काहीही लागता कामा नये. हबचं तोंड, सिरिंजचं टोक, सेटचं टोक, बॅगमध्ये घुसवायचा स्पाइक, नवीन कॅपची आतली बाजू. ह्यांची नावं मी मनात घेते, रोज, चार वर्षांनीही. बाकी कशाला हात लागला तर चालतो, ह्यांना नाही, नो-टच टेक्निक म्हणतात ते हेच.

आधी सेट बॅगला जोडून त्यातली हवा काढून घ्यायची, टोकावरची टोपी तशीच ठेवायची. सिरिंजमधली हवा काढायची. हे सगळं स्टराइल शीटवर ठेवून मग परत हात. लाइन शर्टाच्या आत असते, ती बाहेर काढायचं काम भाऊ स्वतःच्या हाताने करतो, माझे हात तोवर शीटच्या वरच. लाइनचा क्लॅम्प (नळी दाबून बंद करणारा चिमटा) बंद आहे ह्याची खात्री, दोघांनी मोठ्याने बोलून. तो विचारतो, "ताई, क्लॅम्प?" आणि मी बघून "बंद" म्हणते. सुरुवातीला हे जरा नाटकी वाटायचं, आता नाही वाटत.

मग घासणं. एका हातात स्टराइल गॉज किंवा स्वॅबने लाइन हबच्या खाली धरायची, दुसऱ्या हातात नवा स्वॅब, आणि हबचं तोंड आणि कडेचे आटे कमीत कमी १५ सेकंद घासायचे. घासायचे म्हणजे पुसायचे नाहीत. स्वॅब तोंडाभोवती गुंडाळून, बाटलीचं घट्ट झाकण फिरवतो तसा जोर लावून इकडून तिकडे पिळायचा. अल्कोहोल जंतू मारतं पण चिकटलेली घाण निघते ती घासण्याने. मी १ ते १५ मोजते, घाईत आकडे पटापट जातात म्हणून प्रत्येक आकड्याबरोबर एक पूर्ण फेरा.

आणि मग थांबायचं. हे सगळ्यात कठीण. अल्कोहोल सुकतानाही जंतू मारत असतं, ओलं असताना जोडलं तर अर्धं कामच वाया. फुंकर मारायची नाही, हात हलवून वारा घालायचा नाही. हब हातात धरून हवेत ठेवायचा, खाली टेकवायचा नाही, अंगाला लागू द्यायचा नाही. ह्या काही सेकंदांत काय करायचं ते सुचत नाही म्हणून माणूस इकडेतिकडे बघतो आणि नेमकं तेव्हाच काहीतरी लागतं. माझं तेव्हाच झालं होतं. आता मी हबच्या तोंडाकडेच बघत राहते, ओलसर चमक जाऊन ते मंद दिसायला लागतं ते डोळ्यांनी दिसेपर्यंत.

सुकलं की सिरिंज सरळ रेषेत लावायची, क्लॅम्प उघडायचा. आदल्या दिवशीचं लॉक आत असेल तर ते ओढून टाकायचं की नाही हे लॉकवर अवलंबून असतं, टीमने सांगितलंय तसंच करा. मग सलाईन, पण एका दमात नाही, थोडं ढकल, थांब, थोडं ढकल, थांब. ह्या धक्क्यांनी नळीच्या भिंती धुतल्या जातात. जोर लागत असेल तर जबरदस्ती नाही, क्लॅम्प बंद करून फोन. सलाईन झालं की क्लॅम्प बंद, सिरिंज काढायची, आणि सेट जोडायच्या आधी परत नवा स्वॅब, परत १५ सेकंद, परत सुकवणं. हे "परत" लोक गाळतात, आत्ताच तर पुसलं होतं म्हणून. प्रत्येक जोडणीला वेगळं घासणं लागतं.

आणि लागलंच कुठे तर? सिरिंजचं टोक लागलं तर सिरिंज फेका. सेटचं टोक लागलं तर सेट फेका. हब लागला तर क्लॅम्प बंद आहे ना बघून पुन्हा पूर्ण घासा, आतला भागच उघडा पडून लागला असेल तर न जोडता टीमला विचारा. हे करताना कोणी बोलणार नाही असं घरात ठरवून टाका. आमच्याकडे आई आधी म्हणायची की केवढं सामान वाया जातंय, नंतर तिनेच एक जादा सेट नेहमी टेबलावर काढून ठेवायला सुरुवात केली.

सकाळी काढताना

सकाळी झोप डोळ्यावर असते, त्यामुळे माझ्या मते जास्त चुका सकाळी होतात. पंप वाजला की अंथरुणातच काढू नका. उठा, तोंड धुवा, टेबल पुसा, हात धुवा, रात्रीसारखंच सगळं. पंप बंद, क्लॅम्प बंद, जोड सोडवायच्या आधी जोडाची जागा पुसून घ्यायची, सेट काढायचा, हब घासायचा, सुकवायचा आणि सलाईनने नीट फ्लश करायचं. १० मिली तरी, काही टीम २० सांगतात. नळीत फॅट आणि साखर मागे राहिली तर जंतूंना पंगतच मांडून दिल्यासारखं आहे. शेवटचं थोडं सलाईन ढकलत असतानाच क्लॅम्प बंद करायचा म्हणजे टोकातून रक्त मागे येत नाही. तुमचा कनेक्टर वेगळ्या प्रकारचा असेल तर हा क्रम बदलतो, विचारून घ्या. मागे आलेलं रक्त गोठलं की लाइन तर तुंबतेच, वर जंतूंना बसायला जागा मिळते.

त्यानंतर लॉक, म्हणजे पुढच्या वेळेपर्यंत नळीत भरून ठेवायचं द्रव. साधं सलाईन चालतं, इन्फेक्शन टाळायला हेपॅरिनचा (रक्त गोठू न देणारं औषध) त्याहून फायदा नाही. पण टॉरोलिडिन नावाचं एक लॉक आहे, टॉरीन ह्या अमिनो ॲसिडपासून बनवलेलं, ते जंतू मारतं, बुरशीवरही काम करतं आणि अँटिबायोटिकसारखा त्याला जंतू सरावण्याचा प्रश्न फारसा दिसलेला नाही. युरोपातल्या क्लिनिकल न्यूट्रिशन सोसायटीच्या मार्गदर्शक सूचनांत घरच्या टीपीएनसाठी त्याची शिफारस आहे. अमेरिकेत टॉरोलिडिन-हेपॅरिन लॉकला नोव्हेंबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली, ती मात्र डायलिसिसच्या पेशंटसाठी. तुमच्या पेशंटला एकदा जरी इन्फेक्शन झालं असेल तर ह्याबद्दल डॉक्टरांशी बोलाच. उलट, इन्फेक्शन होऊ नये म्हणून रोज अँटिबायोटिक गोळ्या घेत राहणं योग्य नाही.

कॅप किंवा नीडललेस कनेक्टर (हबवरचा, सुईशिवाय सिरिंज जोडता येणारा तुकडा) ठरलेल्या दिवशी बदलायचा, आत रक्त दिसलं किंवा काढून ठेवला गेला तर लगेच. अल्कोहोल भरलेल्या टोप्या मिळतात त्या हबवर लावून ठेवता येतात, चांगल्या आहेत, पण एकदा काढली की फेकायची.

ड्रेसिंग

पारदर्शक ड्रेसिंग ७ दिवसांनी, गॉजचं २ दिवसांनी, आणि ओलं झालं, कड सुटली, खाली घाम किंवा रक्त दिसलं तर दिवस न मोजता लगेच. कोपरा सुटला म्हणून वरून चिकटपट्टी मारणं हा उपाय नाही. जुनं ड्रेसिंग लाइनच्या बाहेर येण्याच्या जागेकडे ओढत काढायचं, म्हणजे लाइन उपटली जात नाही. कात्री जवळपाससुद्धा नको. मग हात परत साफ, नवे स्टराइल ग्लोव्ह्ज, आणि क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोलने पुढेमागे घासत साधारण ३० सेकंद, मग पूर्ण सुकू द्यायचं. क्लोरहेक्सिडिनची ॲलर्जी असेल तर पोव्हिडोन आयोडिन, त्याला सुकायला दोनेक मिनिटं द्या. अँटिबायोटिक मलम रोज लावायची गरज नसते, त्याने बुरशी वाढू शकते.

ड्रेसिंग बदलताना नुसतं बदलू नका, बघा. लालसरपणा, सूज, पू, दाबल्यावर दुखणं, कातडीखालच्या नळीच्या वाटेवर लाल रेघ, कफ बाहेर दिसायला लागणं. मी दर वेळी त्याच उजेडात फोटो काढते (हात धुण्याच्या आधी, फोन भावाच्या हातात), कारण गेल्या आठवड्यात किती लाल होतं हे डोक्यात राहत नाही.

बाकीचं, थोडक्यात

अंघोळ वॉटरप्रूफ कव्हर लावून, हबवरून पाणी जाता कामा नये. तलाव, नदी, टब ह्यात लाइन बुडवायची नाही, पोहायचं असेल तर टीमला विचारल्याशिवाय नाही. स्टोमा (शौचासाठी पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड) असेल तर पिशवी आधी रिकामी करायची, मग हात, मग कपडे बदलून लाइन, आणि स्टोमाची पिशवी बदलणं आणि लाइनचं काम एकापाठोपाठ एका बैठकीत नको. लाइनचं टोक पोटापासून वर, गळ्यातल्या छोट्या पिशवीत किंवा टेपने छातीवर बांधून ठेवा. नळी फाटली तर फाटलेली जागा आणि शरीर ह्यांच्या मध्ये क्लॅम्प लावून, स्टराइल गॉजने गुंडाळून सरळ हॉस्पिटल. एक जास्तीचा क्लॅम्प कायम जवळ हवा, भाऊ खिशात ठेवतो.

हॉस्पिटलमध्ये ॲडमिट झाल्यावर माणूस निर्धास्त होतो, तिथेच जास्त सावध राहायला हवं. प्रत्येक नर्सला टीपीएनच्या लाइनची सवय नसते. एका ठिकाणी रात्रपाळीला कोणीतरी घाईत, हब न घासता, त्याच लाइनमधून रक्त घ्यायला लागलं होतं. मी फक्त म्हटलं, "सिस्टर, ही टीपीएनची लाइन आहे, रक्त हातातून घ्याल का, आणि ह्याला हात लावायचा असेल तर आधी १५ सेकंद घासायचं सांगितलंय आम्हाला." त्यांनी ऐकलं. बोलायला संकोच करू नका. अमेरिकेत मिशिगनमधल्या शंभराहून जास्त आयसीयूंचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, हात धुणं, क्लोरहेक्सिडिन, नको असलेली लाइन लगेच काढणं अशा अगदी साध्या पाच गोष्टी चेकलिस्ट धरून केल्या आणि कोणी चुकलं तर नर्सने डॉक्टरलाही थांबवायचं ठरवलं, तर तीन महिन्यांत दर १००० लाइन-दिवसांमागच्या इन्फेक्शनच्या दराचा मध्यक, म्हणजे मधोमधचा आकडा, २.७ वरून शून्यावर आला. आमच्या टेबलासमोर भिंतीवर चेकलिस्ट लावलीय ती त्यामुळेच.

थंडी वाजली तर

आता ते जे झालं ते सांगते. रात्री नऊला बॅग लावली, पावणेदहाला भाऊ म्हणाला गार वाटतंय. मी पांघरूण दिलं. दहा मिनिटांत दात वाजायला लागले, पलंग हलत होता. अर्ध्या तासाने ताप १०२. आम्ही पॅरासिटामॉल दिली, ताप उतरला, आम्हाला वाटलं व्हायरल असेल, आणि दुसऱ्या रात्री परत बॅग लावली. परत तेच, आणि ह्या वेळी बीपी खाली. तो एक दिवस वाया घालवला त्याबद्दल मला आजही वाईट वाटतं.

बॅग लावल्यावर किंवा फ्लश केल्यावर तासाभरात हुडहुडी भरली, तर ते लाइनचं इन्फेक्शन आहे असंच धरायचं. नुसता ३८ डिग्री, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, ताप आला तरीही, दुसरं कारण डॉक्टर सांगेपर्यंत. म्हाताऱ्या माणसांत ताप नसतोही, नुसती गळाल्यासारखी अवस्था, बरळणं, उलट्या, कावीळ अशी चिन्हं दिसतात.

तेव्हा करायचं ते असं. पंप बंद, क्लॅम्प बंद. फ्लश करायचं नाही, नळीतले जंतू अजून आत ढकलले जातील. तापाची गोळी देऊन वाट बघायची नाही. घरात उरलेलं अँटिबायोटिक द्यायचं नाही, त्याने कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) बिघडतं. त्याच रात्री, त्याच तासाला हॉस्पिटल, बॅग आणि सेट पिशवीत घालून बरोबर न्यायचा. बॅग अचानक बंद केल्यामुळे साखर उतरू शकते, तेही तिथे सांगायचं, इन्सुलिन चालू असेल तर आधी सांगायचं.

तिथे गेल्यावर अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी दोन ठिकाणचं कल्चर घेतलं गेलं पाहिजे, एक लाइनमधून, एक हातातून, दोन्हीत रक्त सारखं. लाइनमधल्या नमुन्यात जंतू हातातल्यापेक्षा किमान २ तास आधी उगवले तर उगम लाइनच आहे असं ठरवतात. पण पेशंटची अवस्था वाईट असेल तर ह्यासाठी औषध लांबवायचं नाही. लाइन काढायची की वाचवायची हे जंतूवर आणि तब्येतीवर ठरतं. कातडीवरचे साधे स्टॅफिलोकोकस असतील तर बरेचदा शिरेतून अँटिबायोटिक आणि नळीत अँटिबायोटिक लॉक देऊन लाइन वाचते. स्टॅफिलोकोकस ऑरियस, कॅन्डिडा, टनेलमध्ये पू, किंवा बीपी सांभाळत नसेल तर सहसा काढतात. वाचवायचा प्रयत्न एवढ्यासाठी, की लाइन टाकायला योग्य शिरा शरीरात मोजक्याच असतात आणि प्रत्येक नव्या लाइनबरोबर त्या कमी होत जातात. भावाची लाइन काढावी लागली, ११ दिवसांनी दुसऱ्या बाजूला नवीन टाकली.

घरी सोडायच्या आधी टीमच्या नर्सने मला परत सगळं करून दाखवायला लावलं, पहिल्या दिवशी शिकवतात तसं. ती काही बोलली नाही, नुसती बघत होती, आणि घासायच्या वेळेला तिने घड्याळ माझ्यासमोर धरलं. मला वाटत होतं मी पंधरा सेकंद घासते. सहा भरले. तुम्हीही इन्फेक्शन झालं नसलं तरी वर्षातून एकदा असं करून दाखवायला मागा, आणि तोवर घरात कोणाला तरी घड्याळ धरून समोर बसवा.

दाराजवळ आमची एक पिशवी भरलेली असते. त्यात थर्मामीटर, जास्तीचा क्लॅम्प, स्टराइल गॉज, टीमचे फोन नंबर, औषधांची आणि ॲलर्जीची यादी, लाइनचा प्रकार आणि ती टाकल्याची तारीख, मागच्या कल्चरचे रिपोर्ट, आणि एका कागदावर मोठ्या अक्षरात: टीपीएनची लाइन आहे, ताप-थंडी असेल तर आधी लाइन आणि हात दोन्हीकडचं कल्चर, फ्लश करू नये. कागद प्लॅस्टिकमध्ये घातलाय, आणि तारखा बदलल्या की भाऊ स्वतः नवीन लिहितो.